वाचक विचारतात : पडद्यासमोर बसल्यावर

प्रश्न : आम्ही नऊ जण महिन्यातून एकदा एकत्र बसून एक सिनेमा बघतो, कधी जुना तर कधी नवा. पण नंतरची चर्चा ‘आवडला’, ‘नाही आवडला’ आणि कथेची उजळणी यातच दहा मिनिटांत आटोपते. ती पुढे कशी न्यावी? (सांगली)

उत्तर : पहिल्या फेरीत मत मांडायचंच नाही, असा नियम करा. प्रत्येकाने फक्त डोळ्यांसमोर किंवा कानात राहिलेली एक गोष्ट सांगायची : एखादी हालचाल, एखादा आवाज, खोलीतली एखादी वस्तू. एकेक मिनिट दिलं तरी नऊ जणांची फेरी दहा मिनिटांत होते आणि बोलायचा ऐवज सगळ्यांसमोर येतो. गटातल्या सगळ्यात जाणकार माणसाला शेवटी बोलायला सांगा. तो आधी बोलला की बाकीचे गप्प बसतात. चर्चा लवकर विझण्याचं हे सर्वांत मोठं कारण आहे.

मग जो प्रसंग दोघा-तिघांच्या तोंडी आला असेल, त्याचा तीन-चार मिनिटांचा तुकडा तीनदा लावा. एकदा जसा आहे तसा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून आणि तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून, नुसता ऐकायला. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधला (१९३६) आवलीचा प्रसंग यासाठी फार चांगला. एका हाताने आजारी पोराला फरफटत, दुसऱ्या हातात चप्पल घेऊन ती विठोबाला जाब विचारायला देवळाकडे निघते. आवाज बंद केला की आवली झालेल्या गौरीबाईंची चाल दिसते. त्या चालीत राग आहे, पण पोराचा हात सुटत नाही. फक्त ऐकलं तर बोलण्यातला ठसका आणि त्याखालची काळजी वेगवेगळी कानावर येते. ‘आवली कजाग आहे’ हे विधान मग तसंच्या तसं टिकत नाही आणि खरी चर्चा तिथून सुरू होते.

वेळेचं गणित आधीच मांडा. सव्वादोन तासांचा सिनेमा रात्री नऊला लावलात तर चर्चेला कोणी थांबणार नाही. पाचला सुरू करा, सव्वासातला चहा घ्या आणि साडेसात ते सव्वाआठ बोला. परीक्षणं वाचायची असतील तर दुसऱ्या दिवशी वाचा. आधी वाचून आलेला माणूस परीक्षणातलंच बोलतो.

प्रश्न : जुने कृष्णधवल चित्रपट आमच्या मोठ्या टीव्हीवर विचित्र दिसतात. कधी चेहरे फुगलेले, तर कधी डोकी कापलेली. प्रत खराब आहे की टीव्ही? (ठाणे)

उत्तर : बहुतेक वेळा दोष सेटिंगचा असतो. त्या काळातली चौकट साधारण ४:३ होती (म्हणजे रुंदी चार, तर उंची तीन), तुमचा पडदा १६:९ आहे. चित्र योग्य लावलं तर ते रुंदीचा पाऊण भागच व्यापतं आणि दोन्ही बाजूंना साडेबारा-साडेबारा टक्के काळे पट्टे राहतात. ते राहू द्या. पट्टे घालवायला ‘वाइड’ केलंत तर प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. ‘झूम’ केलंत तर वरखालचा मिळून पाव भाग जातो, म्हणजे वरून पगडी आणि खालून पाय.

ओळखायची सोपी खूण अशी : समोरून दिसणारं गोल काहीतरी शोधा, गाडीचं चाक किंवा भिंतीवरचं घड्याळ. ते अंड्यासारखं आडवं दिसलं की चित्र ताणलेलं आहे. कधी कधी इंटरनेटवर चढवलेली प्रतच ताणलेली असते. अशा वेळी टीव्ही ‘४:३’वर ठेवला की ती पूर्ववत होते. डोकी कापूनच चढवलेली प्रत मात्र दुरुस्त होत नाही, दुसरी शोधावी लागते.

आणखी एक. हालचाल गुळगुळीत करणारी सोय (कंपनीप्रमाणे ‘ट्रूमोशन’, ‘मोशनफ्लो’ अशी नावं असतात) बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी चालतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून घालतो आणि सिनेमा मालिकेसारखा दिसू लागतो. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच लावा.

प्रश्न : संदर्भग्रंथात ‘संत तुकाराम’ची लांबी १३१ मिनिटं दिली आहे, आमच्याकडची प्रत १२६ मिनिटांतच संपते. पाच मिनिटं कापली असतील का? (नाशिक)

उत्तर : बहुधा काहीच कापलेलं नाही. आपल्याकडची जुनी टीव्ही-पद्धत सेकंदाला २५ चौकटींची. २४ चौकटींचा सिनेमा तिच्यासाठी उतरवताना थोडा वेगात चालवला जाई. १३१ गुणिले २४ भागिले २५ केलं की येतात १२५.८ मिनिटं. तुमचा आकडा नेमका जुळतो. यात आवाजही चढतो, अर्ध्या सुरापेक्षा किंचित कमी. गाण्यांचा कान असलेल्यांना तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस जरा वरच्या पट्टीत गात असल्यासारखे वाटतील, ते यामुळेच. संगणकावरच्या प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. मात्र ‘पट्टी कायम ठेवा’ अशा अर्थाची सोय बंद करा, नाहीतर वेग उतरेल आणि सूर चढलेलाच राहील. फरक चार टक्क्यांहून बराच जास्त असेल, तर मात्र कात्री चालल्याचा संशय घ्यावा.

प्रश्न : सोसायटीच्या हॉलमध्ये जुना चित्रपट दाखवायला परवानगी लागते का? (पुणे)

उत्तर : ओटीटीची वर्गणी घरगुती वापरासाठी असते, हॉलमध्ये खेळ लावायला ती चालत नाही. कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६० सालच्या चित्रपटाचा २०२० अखेर संपला. पण कथा आणि गीतं यांचे हक्क वेगळे असतात, लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं धरून. म्हणून निर्मात्याला किंवा हक्कधारकाला लेखी विचारावं. पत्रात तारीख, जागा, प्रेक्षकसंख्या आणि तिकीट नसल्याचं स्पष्ट लिहा. हा खटाटोप नको असेल तर जवळच्या फिल्म सोसायटीचं सभासद व्हा. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८पासून सभासदांना चित्रपट दाखवण्याचं काम करत आलं आहे.

प्रश्न : आमच्या गटात तरुणांना जुने चित्रपट संथ वाटतात आणि ज्येष्ठांना नवे गोंगाटी. दोघांना एकत्र कसं बसवावं? (कोल्हापूर)

उत्तर : विषय सारखा म्हणून जोडी लावू नका, एखादा प्रश्न सारखा म्हणून लावा. उदाहरणार्थ, ‘संगीत कुठे थांबतं?’ व्ही. शांतारामांच्या ‘कुंकू’त (१९३७) वेगळं पार्श्वसंगीत नाही, जे ऐकू येतं ते प्रसंगाच्या आतूनच येतं. त्याच्यासोबत ‘सैराट’ (२०१६) घ्या. गाण्यांनी भरलेला हा चित्रपट शेवटच्या मिनिटांत पूर्ण नि:शब्द होतो. तिथे काय घडतं ते इथे लिहीत नाही, गटात कोणी पाहिला नसेल. ही दोन्ही एकापाठोपाठ पाहिली की ‘जुना-नवा’ हा वाद मागे पडतो आणि शांतता कुणी कशासाठी वापरली यावर ज्येष्ठ आणि तरुण एकाच बाजूने बोलू लागतात.

संथपणाबद्दल वाद झालाच तर मोजा. पाच मिनिटांचा तुकडा लावा आणि प्रत्येक कटला, म्हणजे एक शॉट तुटून दुसरा लागतो तिथे, कागदावर एक रेघ मारा. २९ रेघा झाल्या म्हणजे ३० शॉट, सरासरी १० सेकंदांचा एक. जुन्या आणि नव्या दोन्हीतून असे दोन-दोन तुकडे घ्या, एक बोलण्याचा आणि एक धावपळीचा. एकाच तुकड्यावरून निष्कर्ष काढलात तर तो फसवा निघेल, कारण गाण्याची आणि भांडणाची गती कधीच सारखी नसते. नव्यातून ‘कोर्ट’ (२०१४) जरूर घ्या. त्यात कॅमेरा बहुतेक जागेवरच असतो आणि काम संपलं तरी लगेच हलत नाही. सुट्टी लागल्यावर न्यायालयाची खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. नवा चित्रपट असून तो गटातल्या तरुणांना किती वेळ सहन होतो, हे त्यांनाच घड्याळ लावून मोजायला सांगा.