दारुड्या डॉक्टरचं ऑस्कर

प्रश्न : ‘स्टेजकोच’मध्ये दारुडा डॉक्टर कोणी साकारला? जॉन वेनपेक्षा मला तोच जास्त लक्षात राहिला.

उत्तर : थॉमस मिचेल यांनी. माझ्याही मनात ते कायमचं घर करून आहेत! जॉन फोर्ड दिग्दर्शित १९३९च्या या चित्रपटातल्या डॉक बूनसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. गावाने हाकललेला हा डॉक्टर घोडागाडीत व्हिस्कीच्या विक्रेत्याला खेटून बसतो आणि त्याच्या नमुन्याच्या बाटल्या एकेक करून रिकाम्या करतो. इथवर हसू येतं. मग वाटेतल्या मुक्कामावर सहप्रवासी मिसेस मॅलरीची प्रसूती जवळ येते. बून कपामागून कप काळी कॉफी घशात ओततो, नशा उतरवतो आणि मूल सुखरूप जन्माला येतं. दारूमागे दडलेला डॉक्टर मिचेल यांनी इथे ज्या ताकदीने बाहेर काढलाय, तो प्रसंग मी कितीदा पाहिला असेन! प्रवासाच्या शेवटी लॉर्ड्सबर्ग गावातल्या बारमध्ये खलनायक ल्यूक प्लमरला शॉटगन खाली ठेवायला लावणाराही हाच बून.

त्याच वर्षीच्या ‘गॉन विथ द विंड’मध्ये नायिका स्कार्लेटचे वडीलही मिचेलच आहेत. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहा.