मुलगी डोक्यावरचे केस उपटते, ओरडून मारून पण थांबत नाही, काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी तेराची आहे, अभ्यासाला बसली की केस उपटते, टाळूवर रुपयाएवढी जागा मोकळी झालीय, तेल झालं दृष्ट काढून झाली, शेवटी हातावर पट्टी पण मारली. वाचून खूप कसंतरी झालं कारण माझं पण तेराव्या वर्षीच सुरू झालं होतं, आता मी छत्तीसची आहे.

पहिलं म्हणजे ती मुद्दाम करत नाहीये. तुम्हाला वाटत असेल कळतंय तर थांबत का नाही, पण कळतं तेव्हा केस आधीच बोटात आलेला असतो. माझा डावा हात पुस्तक वाचताना आपोआप वर जायचा आणि बोटं एकेक केस चाचपत बसायची, मऊ केस नको असायचा, जाड वाकडा खरखरीत असा शोधायचा आणि तो सापडला की निघेपर्यंत दुसरं काही सुचायचंच नाही. निघाला की दोन सेकंद एकदम हलकं वाटायचं आणि मग खाली वहीवर पडलेला पुंजका बघून रडू यायचं. आई केर काढताना केस बघेल म्हणून मी ते गादीखाली लपवायचे. आई दोन घट्ट वेण्या घालायची तर मी वेणीच्या मुळातून उपटायचे. जितकं घरात ओरडणं वाढलं तितकं बाथरूममध्ये कडी लावून वाढलं, म्हणून कळकळीने सांगते, मारणं आजपासून बंद करा.

याला ट्रायकोटिलोमॅनिया म्हणतात, हे नाव १८८९ साली हालोपो नावाच्या फ्रेंच त्वचारोग डॉक्टरांनी दिलं, म्हणजे मोबाईलमुळे आलेलं नवीन खूळ नाहीये हे. १०-१३ वर्षांच्या आसपास सुरू होणं अगदी कॉमन आहे. माझ्यावर एका स्किनच्या डॉक्टरांनी दीड वर्ष चाई समजून मलम लावलं कारण मी खरं सांगितलंच नाही आणि कोणी विचारलं पण नाही. चाईत बहुतेक वेळा जागा गुळगुळीत असते, उपटलेल्या जागी लहानमोठे तुटलेले खुंट हाताला लागतात. तरी स्किनवाल्यांना एकदा दाखवा, पण खरं सांगून दाखवा.

मला फरक पडला तो हॅबिट रिव्हर्सल ट्रेनिंगने, अझरिन आणि नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेली पद्धत आहे. ऐकायला इतकी साधी वाटते की मी पहिले दोन आठवडे सिरीयसली घेतलीच नाही. आधी थांबवायचं नाही, फक्त लिहायचं, किती वाजता, कुठे बसून, कोणता हात, त्याआधी मनात काय होतं. माझ्या वहीत पंधरा दिवसात दिसलं की जवळपास सगळं रात्री ९ ते ११ मध्ये, कोपर टेबलावर टेकवलेलं असताना होतंय. मग कोपर टेकणार नाही अशी बसायची जागा बदलली, अंगठा आणि तर्जनीला बँडेड लावलं म्हणजे केस पकडताच येत नाही, आणि हात वर जातोय असं वाटलं की मूठ घट्ट मिटून मिनिटभर धरायची. त्या मिनिटात ओढ कमी होते, शंभर टक्के जात नाही पण कमी होते. काहीजण आरशासमोर चिमटा घेऊन ठरवून उपटतात, टेन्शन किंवा राग आला की, तिथे नुसती मूठ पुरत नाही, त्या भावनेवर वेगळं काम करावं लागतं. म्हणून हे वर्तनोपचार येणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडूनच शिकायला हवं. कुठे जायचं ते कळत नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

गोळीचं पण सांगते कारण नेटवर वाचून लोक मेडिकलमधून आणतात. एन-ॲसिटिल सिस्टीन म्हणून एक औषध आहे, २००९ मध्ये ५० मोठ्या माणसांवर १२ आठवडे अभ्यास झाला त्यात औषध घेणाऱ्या अर्ध्याहून जास्त लोकांना फरक पडला, पण नंतर मुलांवरच्या अभ्यासात औषध नसलेल्या नुसत्या दिखाव्याच्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. तेरा वर्षांच्या मुलीला मनाने काही देऊ नका प्लीज. सोबत डिप्रेशन किंवा चिंता असेल तर त्याचं औषध सायकियाट्रिस्ट ठरवतील.

घरच्यांचं काम काय तर माझ्या बहिणीने केलं ते. हात वर गेला की ती काही न बोलता माझ्या हातात लोकरीचा गुंडा द्यायची, बस. खूण आधी आम्ही दोघींनी मिळून ठरवलेली होती. तुमच्या मुलीला पण विचारून ठरवा, पाहुण्यांसमोर "हात खाली घे" असं कधीच नको. आणि दहावीच्या वेळी किंवा घरात कोणी आजारी पडलं तर परत सुरू होऊ शकतं, माझं बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी झालं होतं, तेव्हा सगळं वाया गेलं असं समजू नका, वही परत काढायची.

एक गोष्ट मात्र आजच विचारा, शांतपणे, ती उपटलेले केस तोंडात घालते का, गिळते का. कारण गिळलेले केस पचत नाहीत, पोटात त्याचा गोळा होऊ शकतो. पोट दुखणं, उलट्या, भूक न लागणं यातलं काही असेल तर सायकॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट मिळेपर्यंत थांबू नका, आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जा आणि केसांचं त्यांना स्वतःहून सांगा.