फिटची गोळी मिळेना, खरं कुणाचं मानायचं?

प्रश्न: माझ्या मिस्टरांना फिट येतात, फेनिटोइन १०० चालू आहे. हल्ली नेहमीच्या मेडिकलमध्ये गोळी मिळत नाही. एकजण म्हणतो कंपनीने बंद केली, दुसरा म्हणतो वरूनच माल नाही, आणि व्हॉट्सॲपवर फिरतंय की देशभर तुटवडा आहे, सहा महिन्यांच्या घेऊन ठेवा. खरं कुठे कळेल?
– एक वाचक, मिरज

उत्तर: ताई, गोळी एक दिवसही चुकू देऊ नका, हे औषध अचानक थांबलं तर लागोपाठ फिट येऊन जिवावर बेतू शकतं. घरात चार-पाच दिवसांच्याच उरल्या असतील तर डॉक्टरांना आजच फोन करा, बाकी सगळं नंतर.

आता मेडिकलवाल्याला नीट विचारा, हा ब्रँड नाही की फेनिटोइनच कुठल्या कंपनीचं नाही? पुष्कळदा नुसता ब्रँडच आलेला नसतो. त्याला तुमच्यासमोरच स्टॉकिस्टला फोन लावायला सांगा, शेवटचा माल कधी आला आणि पुढचा कधी येणार, कारण दुकानदाराला आपल्या फळीपलीकडचं माहीत असतंच असं नाही.

कंपनीने बंद केली म्हणाल, तर फेनिटोइन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे असं औषध बंद करायचं तर कंपनीला निदान सहा महिने आधी जाहीर नोटीस देऊन एनपीपीएला, म्हणजे औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या कार्यालयाला, कळवावं लागतं, सरकार वर्षभरापर्यंत उत्पादन चालू ठेवायलाही सांगू शकतं. म्हणून एनपीपीएलाच विचारा, टोल फ्री १८०० १११ २५५. त्यांच्या फार्मा सही दाम ॲपवर औषधाचं नाव टाकलं की इतर कंपन्यांचे ब्रँड आणि किमती दिसतात, फक्त कुठल्या दुकानात शिल्लक आहे ते दिसत नाही. पण दुसरा ब्रँड डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, फिटच्या औषधात रक्तातलं प्रमाण थोडं हललं तरी त्रास होतो, कधी तपासणीही करावी लागते.

व्हॉट्सॲपचं मात्र अजिबात मनावर घेऊ नका. २०२१ मध्ये कोरोनात रेमडेसिविर इंजेक्शन कुठे मिळेल याच्या याद्या अशाच फिरत होत्या, कितीतरी नंबर बंद, आणि काहींच्या हातात बनावट इंजेक्शनं पडली. शिवाय सगळ्यांनीच सहा महिन्यांचा साठा केला तर नसलेला तुटवडा खरोखर होतो हो!

फेनिटोइनच कुठे मिळत नसेल तर जिल्ह्याच्या एफडीए (अन्न व औषध प्रशासन) ऑफिसात किंवा १८०० २२२ ३६५ वर तक्रार करा. औषधाचं नाव, पॉवर, कंपनी, कुठल्या दुकानांत कुठल्या तारखेला विचारलंत ते सगळं सांगा, नुसतं "गोळी मिळत नाही" म्हटलं तर त्यांनी शोधायचं कुठे?