वाचक विचारतात : प्राथमिक वर्गासाठी संकेतस्थळं

प्रश्न : वर्गात एकच संगणक आणि प्रोजेक्टर आहे, इंटरनेट अधूनमधून जातं. चौथीला अपूर्णांक शिकवताना एखाद्या संकेतस्थळाचा उपयोग होईल का? (शिक्षिका)

उत्तर : नक्की होईल. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' या संकेतस्थळावर अपूर्णांकांची ओळख करून देणारं सिम्युलेशन (पडद्यावर आकडे बदलून परिणाम पाहता येणारं चित्र) मोफत आहे. आदल्या दिवशी ते डाउनलोड करा. एकच एचटीएमएल फाइल उतरते आणि ती ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालते.

तासाला वर्तुळाचं चित्र निवडून अंश १ आणि छेद ४ ठेवा. आता विचारा, अंश तोच ठेवून छेद ८ केला तर रंगवलेला भाग वाढेल की कमी होईल? बटण दाबायच्या आधी प्रत्येकाने आपलं उत्तर वहीत लिहायचंच. बरीच मुलं 'वाढेल' लिहितात, कारण आजवर त्यांच्यासाठी ८ हा ४ पेक्षा मोठाच होता. मग छेद एकेकाने वाढवा, ५, ६, ७, ८. दर वेळी तुकडा आक्रसताना दिसतो. एकदम ८ वर गेलात तर नुसतं दुसरं चित्र दिसतं, बदल दिसत नाही. त्यानंतर तोच अपूर्णांक संख्यारेषेवर दाखवा. वर्तुळात पटकन उत्तर देणारी मुलं इथे हमखास अडखळतात, म्हणून ही पायरी गाळू नका. माऊस आळीपाळीने मुलांच्याच हाती द्या. त्यातला खेळ मात्र तासाच्या शेवटी उघडा, एकदा तो सुरू झाला की चर्चेला कुणी तयार होत नाही.

प्रश्न : मुलं 'स्क्रॅच'वर (सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायचं मुलांसाठीचं संकेतस्थळ) गोष्टी बनवतात, पण पुढच्या तासाला काम सापडत नाही. खाती उघडलेली नाहीत. (संगणक शिक्षक)

उत्तर : खातं नसेल तर काम आपोआप साठवलं जात नाही, टॅब बंद झाला की गेलं. तास संपायच्या पाच मिनिटं आधी सगळ्यांना थांबवा आणि फाइल मेनूतून काम संगणकावर उतरवून घ्यायला लावा. 'एसबी३' प्रकारची फाइल मिळते. तिला लगेच मुलाचं नाव आणि तारीख द्या, नाहीतर सामायिक संगणकावर एकाच नावाच्या फायलींचा ढीग जमतो. पुढच्या वेळी ती फाइल दुहेरी क्लिक करून न उघडता, स्क्रॅच उघडून त्याच मेनूतून आत घ्यायची. पहिली-दुसरीला 'स्क्रॅच ज्युनिअर' हे ॲप बरं, त्यातले ठोकळे चित्रांचे असल्याने वाचता येण्याची गरज नाही.

प्रश्न : मुलगी गणिताचे खेळ तासभर खेळते. त्यातून ती शिकतेय का, हे कसं ओळखावं? (पालक)

उत्तर : चुकीचं उत्तर दिल्यावर काय होतं ते शेजारी बसून पाहा. नुसती फुली येऊन पुढचा प्रश्न येत असेल, तर मुलं अंदाजाने पर्याय दाबत सुटतात. चूक कुठे झाली हे चित्राने किंवा पायऱ्यांनी दाखवणारी संकेतस्थळं निवडा. सेकंद मोजणारं घड्याळ बंद करता आलं तर करा. पाढे पक्के झाल्यावर ते ठीक, संकल्पना नवी असताना नको.

प्रश्न : मराठी वाचनासाठी काही? (शिक्षक)

उत्तर : 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीवीव्हर'. पुस्तकं मोफत आहेत, उतरवून छापताही येतात. वाचनाच्या चार पातळ्या आहेत. इयत्तेवरून पातळी ठरवू नका. मुलाला एक पान मोठ्याने वाचायला सांगा आणि पाचएक शब्दांना अडलं तर खालची पातळी द्या.