आई-वडिलांना पहिल्यांदाच परदेशी नेताना कोणती तयारी करावी?

आपण विचारले आहे, की वडील ७० वर्षांचे आणि आई ६५ वर्षांची असून दोघांनी आजवर परदेश पाहिलेला नाही, आईचे गुडघे दुखतात, दोघेही शाकाहारी आहेत आणि आपल्या मनात दहा दिवसांची युरोपची सहल आहे. तर ती झेपेल का आणि तयारी कोठून सुरू करावी. मी दोन वर्षांपूर्वी माझ्या आई-वडिलांना सहा दिवस सिंगापूरला नेऊन आणले. वडील एसटीत वाहक होते, आईने आयुष्यभर घर आणि थोडी शेती सांभाळली, आणि दोघेही सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी राहतात. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे, की पहिली खेप युरोपची नसावी. मुंबईहून सिंगापूर साधारण साडेपाच तासांचे आहे. युरोपला थेट विमानानेही नऊ-दहा तास लागतात, आणि पहिल्याच वेळी इतका वेळ एका जागी बसल्यावर त्यांचे शरीर कसे वागेल, हे आपल्यालाही ठाऊक नसते आणि त्यांनाही.

तिकिटे आणि हॉटेलांबद्दल आपल्याला माहिती मिळेलच, म्हणून जी गोष्ट मला कोणीही सांगितली नव्हती ती आधी सांगते. पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी आईला भोवळ आली. ऊन लागले असेल असे समजून मी तिला सावलीत बसवले, सरबत दिले, आणि बऱ्याच वेळाने तिने हळूच सांगितले, की गावाहून निघाल्यापासून ती जवळजवळ पाणी प्यालेलीच नव्हती. तहान लागली की ती बाटलीचे झाकण उघडून ओठ ओले होतील एवढाच घोट घेई आणि बाटली पुन्हा पिशवीत ठेवी. परक्या ठिकाणी लघवीला कोठे जायचे, दार आतून कसे लावायचे, आत पाणी असेल की नुसता कागद, आणि लेकीला सारखे सारखे थांबवायचे तरी कसे, या काळजीने तिने दोन दिवस काढले होते. आपल्याकडच्या कितीतरी बायका लांबच्या प्रवासात हेच करतात आणि आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही, याचे मला अजूनही वाईट वाटते.

त्या दिवसापासून आम्ही कोठेही गेलो की आधी स्वच्छतागृह शोधत असू. मी आईबरोबर आत जाऊन कडी, फ्लश आणि नळ दाखवत असे, कारण काही ठिकाणी हात पुढे केल्याशिवाय नळातून पाणी येत नाही आणि काही ठिकाणी माणूस उठताच फ्लश आपोआप सुरू होतो. त्या आवाजाने ती पहिल्यांदा दचकली होती. पाण्याचा जेट सगळीकडे नसतो, म्हणून खोली घेण्यापूर्वी हॉटेलला त्याबद्दल स्पष्ट विचारावे आणि पिशवीत एक छोटी रिकामी बाटली कायम ठेवावी. विमानातल्या स्वच्छतागृहाचे दुमडणारे दारही उड्डाण झाल्यावर लगेच दाखवून आणावे आणि आईची जागा मधल्या वाटेच्या कडेलाच घ्यावी, म्हणजे उठताना कोणाला विनंती करावी लागत नाही. सिंगापूरमध्ये नळाचे पाणी पिण्याजोगे असते, त्यामुळे बाटली कोठेही भरून घेता येते. चौथ्या दिवशी आई पाटी पाहून एकटी जाऊन आली, आणि त्यानंतर ती स्वतःहून पाणी मागून पिऊ लागली.

कागदपत्रांची तयारी मात्र चार-पाच महिने आधी सुरू करावी. आपल्या आई-वडिलांच्या पिढीतल्या अनेकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून अशी लावलेली असते, तर दुसऱ्या एखाद्या कागदावर भलतीच तारीख असते. आईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे, अशी आमची अवस्था होती, कारण लग्नात तिचे पहिले नावसुद्धा बदलले होते. ही नावे जुळवण्यात आमचे दोन महिने गेले. साठीच्या पुढच्या व्यक्तीला नव्या पासपोर्टच्या शुल्कात १० टक्के सवलत मिळते. सिंगापूरला भारतीयांना व्हिसा आधी काढावा लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फत मिळतो. त्याशिवाय पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत एक आगमन-अर्ज ऑनलाइन भरावा लागतो; तो सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य आहे, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहावे. प्रवास विमा काढताना रक्तदाब आणि साखर यांची नोंद लपवू नये, कारण दावा करण्याची वेळ आली की नेमकी तीच गोष्ट काढली जाते.

सामान भरताना आईच्या डब्यांकडे स्वतः लक्ष द्यावे. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिराती या दोन्ही देशांत खसखस नेण्यास बंदी आहे, आणि आपल्या अनारशांवर खसखस असते, कांदा-लसूण मसाल्यात असते, कित्येक घरी लाडवांतही असते. आईने प्रेमाने बांधलेला अनारशांचा डबा मी निघायच्या आदल्या रात्री पिशवीतून बाहेर काढला, तेव्हा ती हिरमुसली. हे आठवडाभर आधी सांगितले असते तर तिचे कष्ट वाचले असते. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या मात्र उपयोगी पडल्या. चघळण्याच्या तंबाखूलाही सिंगापूरमध्ये बंदी आहे, तेव्हा वडिलांना सवय असल्यास त्यांच्याशी हे मोकळेपणाने आधीच बोलावे. औषधे मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत ठेवावीत. झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीन (खोकल्याच्या व वेदनेच्या काही औषधांत असणारा घटक) असलेली औषधे न्यायची असतील तर तेथील आरोग्य विभागाची परवानगी लागते का, हे आधी पाहून घ्यावे.

सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि ते वडीलधाऱ्यांना सोयीचे पडते. आपल्याकडे पहाटे पाचला उठणारी माणसे तेथे साडेसातला उठतात, आणि सूर्यही तेथे साधारण सातच्या सुमारास उगवतो. रोजच्या गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या, हे मात्र निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. हवा बारा महिने दमट आणि उष्ण असते, म्हणून दुपारी बारा ते चार आम्ही बाहेर पडत नसू.

आमची खोली लिटल इंडिया स्थानकाजवळ होती आणि तो निर्णय सर्वांत फायद्याचा ठरला. सेरंगून रोडवर १९४७ पासून चालत आलेले कोमला विलास हे शाकाहारी उपाहारगृह आहे, वीरमाकाली अम्मनचे देऊळ आहे, फुलांच्या माळा विकणारी दुकाने आहेत. तेथील अधिकृत चार भाषांपैकी एक तमिळ आहे. ती आम्हाला येत नसली, तरी केळीच्या पानावरचा भात पाहून आईच्या चेहऱ्यावरचा ताण कमी झाला. शिवाय मेट्रोच्या प्रत्येक स्थानकाला तेथे रंग आणि क्रमांक आहे. निळ्या मार्गावर लिटल इंडियाचा क्रमांक १२ आणि बोटॅनिक गार्डन्स या उद्यानाच्या स्थानकाचा ९ आहे. वडिलांनी नकाशा हातात घेतला, बोटाने बारा, अकरा, दहा, नऊ असे मोजले आणि म्हणाले, “तीन टप्पे.” सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर ज्यांनी तीस वर्षे तिकिटे फाडली, त्यांना ही गाडी समजावून सांगावी लागली नाही. अंतरानुसार भाडे कापणारे कार्ड त्यांनी खिशात ठेवले आणि शेवटच्या दोन दिवशी सकाळी ते आईला घेऊन माझ्याशिवाय उद्यानात जाऊन आले. हे उद्यान १८५९ साली स्थापन झाले असून २०१५ पासून जागतिक वारसास्थळांत त्याची गणना होते; प्रवेश विनामूल्य आहे आणि जागोजागी बसायला बाके आहेत. आईने तेथे आपल्या परसातली हळद ओळखली आणि परत आल्यावर किती तरी वेळ त्याबद्दल बोलत होती.

आपणही असे एखादे ठिकाण शोधून ठेवावे, जेथे ते दोघे आपल्याविना जाऊ शकतील. हॉटेलचे नाव, पत्ता आणि आपला फोन क्रमांक लिहिलेले कार्ड दोघांच्याही जवळ असावे. सरकत्या जिन्यावर साडी अडकण्याचा धोका असतो, म्हणून लिफ्ट शोधावी; तेथे प्रत्येक मेट्रो स्थानकात ती आहे. गार्डन्स बाय द बे या दुसऱ्या मोठ्या उद्यानातील क्लाउड फॉरेस्ट या थंड काचघरात ३५ मीटर उंचीचा हिरवा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर लिफ्टने जाता येते आणि नंतर उताराच्या वाटेने सावकाश खाली यायचे असते, त्यामुळे गुडघ्यांना ते झेपले. दिवसाला एक ठिकाण, फार तर दोन, यापेक्षा जास्त ठरवू नये.

व्हीलचेअरची मागणी विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंदवावी. माझ्या वडिलांना ती आजारी माणसाची खूण वाटली आणि त्यांनी साफ नकार दिला. आईने मात्र ती घेतली आणि वडील तिच्या शेजारून चालले. विमानतळावर खूप चालावे लागते, हे घरीच सांगून ठेवावे, म्हणजे ऐनवेळी वाद होत नाही.

पैशांचा विषय आमच्याकडे नाजूक होता. लेकीच्या पैशाने फिरायचे, हे वडिलांना पटत नव्हते, आणि मी किमती लपवू लागले तसे ते अधिकच अवघडले, चहासुद्धा नको म्हणू लागले. शेवटी मी एकूण खर्च सांगून टाकला आणि रोजच्या खर्चाचे डॉलर त्यांच्या हाती दिले. त्यांनी डायरीत हिशेब लिहिला, रोज रात्री शिल्लक मोजली, आणि मग दुपारचा चहा त्यांनीच मागवला.

युरोपचा विचार सोडून देऊ नका. पासपोर्ट दहा वर्षे चालतो. आम्ही पुढच्या मे महिन्यात व्हिएन्नाला जाण्याचा विचार करत आहोत, आणि वडिलांनी तेथील मेट्रोचा नकाशा आताच छापून घेतला आहे.