पुणे ते मेलबर्न: दारापासून दारापर्यंत किती तास?

जानेवारीत कोथरूडहून बायको आणि तीन वर्षांच्या मुलीला घेऊन मेलबर्नला यायचंय, तर अंतर किती आणि वेळ किती धरायचा, असं तुम्ही विचारलंय. मुंबई-मेलबर्न सरळ अंतर सुमारे ९,८०० किलोमीटर. वेळ मात्र घरापासून घरापर्यंत पंचवीस तास धरा.

तिकीट बघताना विमान कुठे थांबतंय ते आधी बघा. सिंगापूर जवळजवळ वाटेतच पडतं: मुंबईहून ३,९००, तिथून मेलबर्न ६,००० च्या थोडं वर, म्हणजे वळसा जेमतेम दीडशे किलोमीटरचा. दुबईमार्गे आधी १,९०० किलोमीटर उलट्या दिशेला जायचं आणि मग सलग ११,६०० यायचं. तो दुसरा टप्पाच तेरा तासांचा आहे. तिकीट थोडं स्वस्त असलं तरी लहान मुलीला घेऊन तो मार्ग धरू नका.

समजा, विमान सोमवारी रात्री ११:३० चं आहे. दुपारी चारला घर सोडा, आठपर्यंत सहारच्या विमानतळावर पोचाल. रविवार असेल तर दोनलाच निघा. मुंबईकडे परतणारी सगळी गर्दी तेव्हा एक्सप्रेसवेवर असते, आणि खंडाळ्याच्या घाटात एक ट्रक बंद पडला तरी तास-दीड तास जातो. गाडी ठरवताना डिकीत सीएनजीची टाकी नाही ना, हे आवर्जून विचारा. टाकी असली की तिघांच्या बॅगा बसतच नाहीत.

सिंगापूरपर्यंत साडेपाच तास, तिथे अडीच तासांचा थांबा, पुढे साडेसात तास. जानेवारीत मेलबर्न आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं (एप्रिल ते ऑक्टोबर साडेचार), त्यामुळे उतराल मंगळवारी रात्री साडेआठला. इमिग्रेशन, बॅगा आणि टॅक्सी धरून साडेदहाला घरी. परतीच्या प्रवासात समोरून वारा असतो, तेव्हा थोडा जास्त वेळ लागतो.

सगळ्यात मोठी चूक होते ती दोन वेगळी तिकिटं जोडून घेण्यात. मग सिंगापूरला बॅगा स्वतः उचलाव्या लागतात, त्यासाठी इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं आणि तिथे सिंगापूरचा व्हिसा किंवा ऑस्ट्रेलियाच्या व्हिसावर मिळू शकणारी व्हिसामुक्त ट्रान्झिटची सवलत लागते. यातलं काहीच नसेल तर मुंबईच्या काउंटरवरूनच परत फिरण्याची वेळ येऊ शकते. पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) घ्या. चेक-इन करताना प्रत्येक बॅगेच्या टॅगवर शेवटचं ठिकाण ‘एमईएल’ (मेलबर्न) आहे का, ते स्वतः वाचा. ‘एसआयएन’ (सिंगापूर) दिसलं तर बॅग पट्ट्यावरून पुढे जाण्याआधीच सांगा.

गोडा मसाला, मेतकूट, पापड हे सगळं एकाच पिशवीत, बॅगेत अगदी वर ठेवा आणि उतरल्यावर भरायच्या कार्डावर खाद्यपदार्थ असल्याचं न चुकता लिहा. अधिकारी पिशवी उघडून बघतात, त्यात फार तर अर्धा तास जाईल. कढीपत्त्याची पानं, बिया आणि ताजी फळं मात्र पुण्यातच राहू द्या.