रात्रीचा फोन

प्रश्न : ताई, नर्सिंगची पदवी घेऊन नुकतीच मेडिकल वॉर्डात रुजू झाले आहे. कॉलेजात मार्क चांगले होते, पण इथे एक काम हातात घेतलं की दुसरं राहतं. ड्युटी संपल्यावरही नोंदी लिहीत बसते. नाईटला पेशंट बिघडतोय असं वाटलं तरी डॉक्टरांना फोन करायची धास्ती वाटते. उगाच उठवलं म्हणून ओरडले तर? मी या कामाच्या लायक नाही का?

उत्तर : लायकीचा विचार आधी डोक्यातून काढून टाक. अमेरिकन नर्सिंग-तज्ज्ञ पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली परिचारिकेच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं गेली की तिसरी, म्हणजे सक्षमतेची पायरी येते, असं त्या सांगतात. तू मात्र आत्ताच स्वतःला जुन्या सिस्टरांशी ताडून बघते आहेस. हाताला वेग येईल. नोंदी मात्र बेडजवळच, त्या त्या वेळी लिहीत जा.

मला काळजी आहे ती फोनची. पेशंट खालावू लागला की बरेचदा बीपी पडायच्या आधी श्वास वाढतो, आणि नेमका तोच आपण अंदाजाने लिहितो. सगळ्या पेशंटांपुढे ओळीने २० लिहिलेले चार्ट मी कितीतरी पाहिलेत. तसं करू नकोस. नाडी बघतेय असं दाखवत मनगट धरून ठेव आणि पूर्ण मिनिटभर छातीकडे बघ. मोजताय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो. प्रौढ माणसाचा शांत असताना १२ ते २० असतो.

मग चार्ट हातात घेऊन फोन कर. आधी स्वतःचं नाव, वॉर्ड, पेशंटचं नाव. पुढे असं : "न्यूमोनियाचे पेशंट आहेत. संध्याकाळी श्वास १८ होता, आता २८ आहे. ऑक्सिजन ९६ वरून ९० वर आलाय, बोलणं असंबद्ध वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं." शेवटचं वाक्य गाळू नकोस. नव्या मुली सगळं सांगतात आणि काय हवंय तेवढंच सांगत नाहीत. फोनवर ऑर्डर मिळाली तर ती परत वाचून दाखव. आकडे ठीक असूनही पेशंट बरा दिसत नसेल, तर तेही तसंच सांग. ओरडले तर ओरडू देत. वेळ आणि झालेलं बोलणं नोंदीत लिही. कुणी आलंच नाही तर सीनियर सिस्टरला आणि वरच्या डॉक्टरांना लगेच कळव.

आणि नव्या मुलीला नाईटला एकटीला सोडत असतील, तर तो दोष वॉर्डाचा, तुझा नव्हे. इन्चार्ज सिस्टरांकडे स्पष्ट मागणी कर : काही महिने एक ठरावीक अनुभवी सिस्टर सोबत हवी. नाही म्हणाल्या तर मेट्रनकडे लेखी दे.